नाव-गाव नसलेले फोटो

जालन्याहून मंठ्यामार्गे जिंतूरकडे येताना चारठाणा हे गाव लागतं. चालुक्य-यादव काळातली मंदिरं, बारव आणि नजर वर खेचून घेणारा कोरीव मानस्तंभ, एवढा ऐवज या एका गावात आहे. वेरूळ-अजिंठा आटोपून औंढा नागनाथला निघालेले हौशी छायाचित्रकार इथे थांबतात, स्तंभाचा खालून एक फोटो काढतात आणि पुढच्या वाटेला लागतात. संध्याकाळी तो फोटो ‘मराठवाड्यातील प्राचीन मंदिर’ एवढ्याच ओळीसह हजारो मोबाइलवर फिरतो. गाव कोणतं, देव कोणता, फोटो कधीचा, यातलं काहीच कळत नाही. प्रवासी छायाचित्रणाची ही सवय मोडायला हवी.

जिंतूर ज्या निजामी राज्यात होतं, त्याच राज्यात राजा दीनदयाळ यांनी नाव कमावलं. रुरकीला अभियांत्रिकी शिकलेला हा माणूस १८८०च्या दशकात सहाव्या निजामाचा दरबारी छायाचित्रकार झाला. वजनदार कॅमेरा, तिवई आणि काचेच्या प्लेटांच्या पेट्या घेऊन त्यांनी केलेला प्रवास आज नवलाचा वाटतो. त्याहून मोलाची त्यांची शिस्त होती. ते काचेवरच स्थळाचं नाव आणि क्रमांक घालत. त्यांच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह १९८९ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. अभ्यासकांना त्या वाचता येतात त्या या नोंदींमुळे.

माणसांचे फोटो काढायचे तर आणखी धीर लागतो. संदेश भंडारे तमाशाच्या फडांबरोबर वर्षानुवर्षं हिंडले, तेव्हा कुठे ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ हे पुस्तक उभं राहिलं. रंगमंचावरचा झगमगाट कुणीही टिपेल. राहुटीतली झोप, चुलीवरचा स्वयंपाक आणि रंग चढवतानाचा थकवा मात्र त्यालाच दिसतो, ज्याचं येणं-जाणं फडाच्या अंगवळणी पडलेलं असतं.

अशा फिरण्यातून काय घडू शकतं, याचं अलीकडचं उदाहरण परभणी जिल्ह्याला चांगलं ठाऊक आहे. रोहन काळे या तरुणाने मुंबईतली नोकरी सोडली आणि दुचाकीवरून महाराष्ट्रातल्या बारवा धुंडाळायला सुरुवात केली. २०२० पासून ‘महाराष्ट्र बारव मोहीम’ आकाराला आली. प्रत्येक बारवेचा फोटो आणि नकाशावरची नेमकी जागा, एवढीच मूळ पद्धत. अशा दीड हजारांहून अधिक बारवा नोंदवल्या गेल्या. सेलू तालुक्यातल्या वालूरची वर्तुळाकार उतरत जाणारी बारव गाळाने आणि कचऱ्याने भरली होती. गावकऱ्यांनीच ती उपसली. पुढे महाशिवरात्रीला ठिकठिकाणच्या बारवांमध्ये दिवे लागू लागले. टपाल खात्याने बारवांची चित्रपोस्टकार्डं काढली, त्यांत परभणीच्या बारवाही आल्या. फोटोला पत्ता जोडलेला होता म्हणून लोक तिथवर पोचले आणि पोचले म्हणून हात लागले. नुसत्या देखण्या फोटोने हे झालं नसतं.

याच जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यात तर असं काम खूप बाकी आहे. जिंतूर गावापासून जवळच नेमगिरीच्या डोंगरात जैन लेणी आहेत. दारं बुटकी, आत मूर्ती भव्य. छोट्याशा दगडावर टेकलेली, अधांतरी भासणारी पार्श्वनाथांची मूर्ती पाहायला दूरदूरचे भाविक येतात. अशा जागी कॅमेरा काढण्याआधी परवानगी विचारावी, दर्शनाची रांग अडवू नये, फ्लॅश मारू नये. अंधारात तिवईवर सावकाश घेतलेला फोटोच दगडाचा पोत खरा दाखवतो. येलदरीला लोक धरणाचं पाणी टिपतात. १९६८ मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाने पूर्णेचं खोरं बदलून टाकलं; काठावरचे मासेमार, कालव्याखालची शेतं, वीजघरातले कामगार यांचे फोटोही त्याच इतिहासाचा भाग आहेत.

यासाठी बाहेरच्या पाहुण्याची वाट पाहायचं कारण नाही. जिंतुरात लग्नाचे फोटो काढणारे स्टुडिओ आहेत, उत्तम कॅमेरे आहेत आणि चातुर्मासात लग्नं थांबली की हाताशी वेळही असतो. त्यांनी महाविद्यालयातल्या मुलांना सोबत घ्यावं. आश्विनात पाऊस उघडला, की चारठाण्यापासून सुरुवात करावी. प्रत्येक मंदिराच्या चारही बाजू, जोतं, खांब, छत टिपावं. सकाळच्या तिरप्या उन्हात कोरीवकाम उठून दिसतं, ती वेळ धरावी. उंचीचा अंदाज यावा म्हणून शेजारी मोजपट्टी ठेवावी. स्थळ, तारीख, दिशा आणि टिपणाऱ्याचं नाव फोटोसोबत लिहावं. एक संच ग्रामपंचायतीत, एक शाळेत ठेवावा. ज्या आजी-आजोबांचे चेहरे टिपले, त्यांच्या हाती त्यांचा छापील फोटो द्यावा. खर्च फार नाही. तालुक्यातल्या ग्रामपंचायतींनी आणि महाविद्यालयांनी येत्या आश्विनात हे काम हाती घ्यावं.