डबीत अळंबी किती, धान्य किती?

रेशी या औषधी अळंबीची पावडर अनेक जण भरवशाने घेतात. पण ती अळंबी वाढवली कशी, हे क्वचितच विचारले जाते. एका पद्धतीत लाकडाच्या ओंडक्यावर किंवा भुशावर वाढलेली छत्री तोडून वाळवतात. दुसरी पद्धत झटपट आणि स्वस्त. वाफवलेल्या तांदूळ-ज्वारीवर बुरशीचे तंतू वाढवायचे. हे तंतू धान्यात इतके गुंततात की वेगळे काढता येत नाहीत; म्हणून सगळेच एकत्र दळतात. साहजिकच पावडरीत स्टार्च वाढतो आणि बीटा-ग्लुकन हा महत्त्वाचा घटक कमी भरतो. लेबलवरचा 'पॉलिसॅकराइड'चा मोठा आकडाही दिशाभूल करतो, कारण स्टार्च हाही पॉलिसॅकराइडच! अमेरिकेत विकत घेतलेल्या रेशीच्या १९ नमुन्यांची तपासणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातले फक्त ५ लेबलशी जुळले.

अळंबीचा कोणता भाग वापरला, तो कशावर वाढवला आणि त्यात बीटा-ग्लुकन व स्टार्च किती, हे लेबलवर छापणे सक्तीचे हवे. आजारपणात पदरमोड करणाऱ्याला अळंबीच्या भावात तांदळाचे पीठ विकणे हा व्यापार नव्हे, फसवणूक आहे. तोवर ही माहिती नसलेली डबी दुकानातच ठेवलेली बरी.