का? पूस!

सकाळचे साडेदहा. हे फर्स्ट शिफ्टला गेलेले, धुणं वाळत पडलेलं, आणि मी कुकरच्या शिट्ट्या मोजायचं विसरून हातात पेन घेऊन बसलेली. कारण पुण्याच्या लेकीनं फोनवर एक ओळ पाठवली होती : ‘कशाला? डोळे कोरडे कर. शेत पांढरं झालंय (३).’

मैत्रिणींनो, शब्दकोडं मला नवीन नाही. दीपनगरच्या कॉलनीत आल्यापासून दुपारचा चहा आणि पेपरातलं कोडं ही माझी जोडी. पण ‘फळांचा राजा, दोन अक्षरी’ किती वर्षं सोडवायचं? हात आपोआप ‘आंबा’ लिहून मोकळा होतो, डोकं तिकडे भाजीला काय करायचं ते ठरवत असतं.

लेक ऑफिसात इंग्रजी कूट कोडी सोडवते. त्यात सूचना सरळ नसते. वाक्य एक सांगतं आणि आत दुसरंच दडलेलं असतं. कुठे शब्दाचा अर्थ, कुठे त्याची फोड, कुठे उलटापालट. लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’मध्ये १९२६ पासून टॉर्केमाडा या टोपणनावाचा एक माणूस असली कोडी घालून लोकांना छळायचा. महायुद्धात, जानेवारी १९४२ मध्ये, ‘डेली टेलिग्राफ’नं बारा मिनिटांत कोडं सोडवायची स्पर्धा ठेवली. नंतर त्यातल्या काहींना जर्मनांचे गुप्त संदेश उलगडायच्या कामासाठी बोलावणं आलं. त्या ब्लेचली पार्कच्या कामावर चारातल्या तीन तरी बायका होत्या. (हे मी घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. ह्यांनी फक्त ‘हं’ केलं.)

मराठीत असं का नाही, म्हणून आता ती मला घालते. आपल्याकडे एका चौकोनात काना-मात्रेसकट अख्खं अक्षर बसतं, त्यामुळे इंग्रजीसारखी अक्षरांची खिचडी जमत नाही. पण उलटापालट जमते. ‘कणीस उलटं केलं तरी संपत नाही (२)’. मका उलटा केला की काम! आणि फोड करायला तर मराठीसारखी भाषा नाही.

तर ती तीन अक्षरं. मी पांढऱ्या शेतावरून बर्फ, मीठ, चांदणं करत बसले. डोळे कोरडे म्हणजे रडू, आसू, पदर... डोकं तापलं. सासूबाई शेंगा निवडत होत्या. शाळा चौथीपर्यंत, चष्म्याचा नंबर मोठा. म्हणाल्या, “मोठ्यानं वाच बरं.” वाचलं. हातातली शेंग तशीच धरून म्हणाल्या, “अगं, पांढरं शेत म्हणजे कापूसच की! का? पूस!”

मी बघतच राहिले. चाळीस वर्षं कापूस वेचलेल्या बाईला ते शेत दिसलं, मला नुसते शब्द दिसत होते. त्या दिवसापासून आम्ही दोघी रोज बसतो. आमच्यात आजवर बोलण्यासारखं फारसं नव्हतं, खोटं कशाला सांगू?

शेजारणी म्हणतात, रिकामपणाचे उद्योग. नवऱ्यानं तीन तास क्रिकेट बघितलं तर तो विरंगुळा, आणि बाईनं अर्धा तास डोकं खाजवलं तर रिकामपण? माझी तक्रार आपल्या पुरवण्यांवरही आहे. बायकांचं पान म्हटलं की कोडं सोपं, असं कोणी ठरवलं? आपल्याच जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या शिलालेखात, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवानं मठ काढल्याची नोंद आहे. त्या भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’तली अवघड गणितं एका मुलीला उद्देशून घातली. तिला सोपं घालावं असं काही त्यांना वाटलं नाही.

अवघड कोड्यात अडकायला होतं, चिडायला होतं, पेन फेकावंसं वाटतं. मग रात्री भांडी घासताना अचानक उत्तर सुचतं आणि साबणाच्या हातांनी मी ओरडत बाहेर येते. ते सुख ‘आंब्या’त नाही.

कालचं कोडं सासूबाईंनी स्वतः रचलंय, आयुष्यातलं पहिलं. लेक दोन तास अडकली होती. तुम्ही बघा : ‘भटजींचं पहिलं अक्षर, मागे परंपरा, सोबत कळण्याची भाकरी (३).’ उत्तर परवा रात्री आमच्या ताटात होतं.