हात जोडायला लावणारे तुम्ही कोण?

नाशिकमध्ये सावित्रीबाई फुले यांच्या नावाची एक अनुदानित शाळा आहे. तेथील एक शिक्षक प्रार्थनेला उभे राहत, पण हात जोडत नसत. संस्थेने ही बेशिस्त ठरवली आणि त्यांना वरिष्ठ वेतनश्रेणी नाकारली. शेवटी २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला, की प्रार्थनेत हात जोडण्याची सक्ती हा मूलभूत हक्काचा भंग आहे. शिक्षक जिंकले. पण ते कमावते, कायदा जाणणारे गृहस्थ होते. त्याच मैदानावर रांगेत उभ्या असलेल्या पोराने काय करायचे?

प्रार्थनेचा वाद निघाला की मनुवादी मंडळी लगेच विचारतात, ‘यात वाईट काय आहे? हे तर संस्कार!’ शब्द चांगले की वाईट, हा मुद्दाच नाही. सर्वांच्या पैशावर चालणाऱ्या शाळेत मुलाला कोणाच्या देवापुढे उभे करायचे, हे ठरवणारे तुम्ही कोण, हा मुद्दा आहे.

बाबासाहेबांनी ७ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत याचे उत्तर दिले आहे. लोकल बोर्डाच्या शाळेत बहुसंख्य मुले हिंदू आहेत, म्हणून तेथे त्या धर्माचे शिक्षण देता येईल काय? नाही, असे त्यांनी बजावले. कारण शाळा सर्वांच्या करातून चालते आणि एका धर्मासाठी कोणाकडून कर घेता येत नाही. हाच विचार आज कलम २८ मध्ये आहे. पूर्णपणे सरकारी निधीवर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेत पालकाच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही.

म्हणजे संविधानाने आधी विचारण्याची जबाबदारी शाळेवर टाकली. प्रत्यक्षात नकाराचे ओझे लेकराच्या डोक्यावर येते! तुमच्या मुलाच्या शाळेने तुमची संमती कधी घेतली काय?

गाफील राहून चालणार नाही. केंद्रीय विद्यालयांतील संस्कृत प्रार्थनेचा प्रश्न घटनापीठाने तपासावा, असे २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींना वाटले. इकडे २०२४ मध्ये राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात चक्क मनुस्मृतीचा श्लोक आला. ज्या ग्रंथाचे १९२७ साली महाडला दहन झाले, तो शाळेच्या दारातून परत आत येऊ पाहतो!

मात्र हा न्याय आपल्यालाही लागू आहे. उद्या एखाद्या अनुदानित संस्थेत आपली माणसे आली आणि त्यांनी सर्वांना बुद्धवंदना सक्तीची केली, तर तेही संविधानविरोधीच ठरेल. सक्ती आपली झाली म्हणून पवित्र होत नाही.

उपाय आपल्या हातात आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. बहुजन पालकांनो, त्या बैठकीला जा. मुलाला एकट्याने लढायला लावू नका. लेखी विचारा, ‘आमची संमती कुठे आहे?’ आणि परिपाठात सर्वांनी मिळून काही म्हणायचेच असेल, तर संविधानाची उद्देशिका आहे. ती म्हणायला कोणालाही आपला धर्म बाहेर ठेवून यावे लागत नाही.