ठोसा मारतो कोण?

परवा अंबाजोगाईत चहाच्या टेबलावर एका जाणत्या गृहस्थांनी निकाल देऊन टाकला. सिनेमातली मारामारी म्हणजे फाइट मास्टर, नायकाचं कमावलेलं अंग आणि ‘ढिशुम’चा आवाज. कॅमेरा कुठे ठेवला, रंग कोणता दिला, या पुण्या-मुंबईच्या गप्पा. बीडच्या पब्लिकला त्याचं काही नसतं. यात सिनेमाचा अपमान आहे आणि माझ्या जिल्ह्याचाही, म्हणून गप्प बसवत नाही.

आवाजाचं आधी उरकतो. बाबूराव पेंटरांचा ‘सैरंध्री’ १९२० चा, म्हणजे मूकपट. त्यातला कीचकवध इतका अंगावर आला की सेन्सॉरने त्याला कात्री लावली. ढिशुमविना.

आता अंग. आपल्याकडे जत्रेत कुस्तीचा फड रंगतो तेव्हा माणसं चारी बाजूंनी बसतात. कोणी पायाकडून बघतो, कोणी पाठीकडून. तिथे डाव खराच टाकावा लागतो. नुरा, म्हणजे आधीच ठरवून खेळलेली, कुस्ती असली तर कडेला बसलेला म्हातारा वस्ताद लगेच ओळखतो. पडद्यावर हे चारी बाजूंचे डोळे नसतात, एकच असतो. नटाची मूठ गालापासून वीतभर लांबून जाते. कॅमेरा मारणाऱ्याच्या खांद्यामागे असला की मूठ आणि गाल एका रेषेत येतात, मधली वीत नाहीशी होते आणि थिएटरात आपण दात आवळतो. तोच कॅमेरा दोन हात बाजूला सरकवा, मूठ हवेत गेलेली दिसेल. अंग तेच, फाइट मास्टर तोच, ठोसा मात्र गेला. लेन्सचंही तसंच. लांबून टिपणारी लेन्स लावली की मागची माणसं पुढच्यांना चिकटतात, चौघांचा जमाव वाटतो. रुंद लेन्स जवळ नेली तर पुढे आलेली मूठ डोक्याएवढी होते. याला वरची सजावट म्हणणाऱ्याने मारामारी पाहिली असेल, सिनेमा पाहिलेला नाही.

‘फँड्री’चा शेवट आठवा. नागराज मंजुळेंचं दिग्दर्शन, विक्रम अमलाडींचा कॅमेरा. त्यातल्या पोराने, जब्याने, भिरकावलेला धोंडा थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो आणि पडदा काळा होतो. कॅमेरा बाजूला असता तर तो धोंडा त्याला चिडवणाऱ्या टवाळखोरांना लागला असता. समोर आहे म्हणून आपल्याला लागतो. ‘सैराट’च्या (२०१६) शेवटी तर मारणं दाखवलेलंच नाही, आवाजही काढून घेतला आहे. लहानग्या पावलांचे लाल ठसे तेवढे उमटत जातात. बीडच्या पब्लिकने तेही पाहिलं आहे, आणि सुन्न होऊन बाहेर आलं आहे.

रंगावर माझं जुनं भांडण आहे. मराठवाडी बोली विनोदापुरतीच, असं मानणाऱ्यांशी मी वर्षानुवर्षं वाद घातला. तीच माणसं आता रंगात शिरली आहेत. मराठवाड्यातली हाणामारी म्हटली की सगळी चौकट पिवळीजर्द, धुळकट करायची. दुष्काळ आम्ही भोगला आहे, तो नाकारत नाही. पण सौताड्याचा धबधबा कोसळतो तेव्हा बालाघाटाचे डोंगर हिरवेगार असतात, आमची जमीन काळीभोर आहे आणि सीताफळांच्या हंगामात बाजार हिरवा होतो. सगळ्यावर पिवळा थर चढवला की रक्तही मातकट दिसतं, आणि या मुलखात माणसं एकमेकांना मारणारच, असं न बोलता सांगितलं जातं.

मला हवी ती मारामारी थोडक्यात सांगतो. माजलगावकडचा उभा ऊस, सकाळची वेळ. कॅमेरा बांधावर ठेवा, हलवू नका. आत दोघं भिडलेले आहेत, ते दिसत नाहीत. उसाचे शेंडे तेवढे एका जागी जोरात हलतात, मग हळू, मग थांबतात. आणि हिरवा रंग हिरवाच राहू द्या.