ट्रॅक्टर चालू होत नाही, म्हणजे नेमके काय होत नाही?

पाऊस पडून गेला, दोन दिवस उघडीप मिळाली, रानाला वाफसा आला. बियाणे-खत उसनवारीने का होईना, घरात येऊन पडले. आणि सकाळी सहाला चावी फिरवावी तर ट्रॅक्टर नुसता 'टक' करून गप्प! जुना ट्रॅक्टर दारात असलेल्या कोणत्या घरावर ही वेळ आली नाही?

चार वर्षे कृषी महाविद्यालयात काढून मी गावी परतलो तेव्हा इंजिनाचे चारही स्ट्रोक मला तोंडपाठ होते. घरचा ट्रॅक्टर ऐन पेरणीत अडला तेव्हा त्यातले काही कामी आले नाही. तालुक्याच्या एका गॅरेजवाल्याने सेल्फ खोलून नेला, चार दिवसांनी भरून आणला, पैसे मोजून घेतले. चावी फिरवली, पुन्हा 'टक'. तोवर भाड्याचा ट्रॅक्टर लावून पेरणी उरकावी लागली होती. शेवटी गावातल्या पंक्चरवाल्या पोराने बॅटरीपासून चॅसीला जाणारी अर्थिंगची पट्टी सोडली, तिच्याखालचा गंज खरवडला आणि नट आवळला. पहिल्याच फटक्यात इंजिन बोलले. पदवी माझ्याकडे होती, पॉलिश पेपरचा तुकडा त्याच्याकडे होता.

'इग्निशन गेले' असे आपण सरसकट म्हणतो, तिथेच फसगत सुरू होते. मोटारसायकलला प्लग असतो, ठिणगी पडते, पेट्रोल पेटते. १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडात बनलेले टीई-२० फर्ग्युसनही बहुतेक पेट्रोलवर किंवा रॉकेलच्या जातीच्या तेलावर, ठिणगीनेच चालत. आपल्या दारातले जुने ट्रॅक्टर डिझेलचे आहेत. त्यांत ठिणगी नाहीच. पिस्टन हवा सोळा-सतरा पट दाबतो, त्या दाबाने हवा पाचशे अंशांच्या वर तापते, तीत नोजलमधून डिझेलचा फवारा आला की तो आपोआप पेटतो. विजेचे मुख्य काम एवढेच, की सुरुवातीला इंजिन जोराने फिरवायचे. तेव्हा प्रश्न दोनच राहतात. इंजिन जोराने फिरते का? आणि फिरत असेल तर त्याला डिझेल पोचते का? हे दोन प्रश्न वेगळे न करता जो पाना हातात घेतो, तो आधी आपला खिसा खोलतो.

इंजिन फिरतच नसेल तर हेडलाइट लावा आणि मग चावी फिरवा. दिवे एकदम विझले तर बॅटरी उतरली आहे किंवा तिची जोडणी सैल आहे. दिवे होते तसेच लख्ख राहिले आणि सेल्फ हलला नाही, तर करंट सेल्फपर्यंत जातच नाही. चावीचा स्विच, सोलेनॉइड, किंवा असलाच तर क्लच-गिअरजवळचा सुरक्षा स्विच पाहावा. या एका चाचणीला पैसा लागत नाही. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, ब्रशने घासा, आवळून वर व्हॅसलीन लावा. सोडताना अर्थिंगची वायर आधी, जोडताना ती शेवटी. नाहीतर पाना चॅसीला टेकून ठिणग्या उडतात. दहा-पंधरा रुपयांचे नट-बोल्टही लागत नाहीत अशा कामासाठी नवी बॅटरी विकत घेतलेले लोक मी पाहिले आहेत. चार्ज असलेली बॅटरी विसाव्यात १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. मीटर साधा चालतो, एका गावाला एक पुरतो.

इंजिन जोराने फिरते पण पेट घेत नाही, तेव्हा धुराड्याकडे पाहा. धूर अजिबात नसेल तर डिझेल पोचत नाही. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचते, पण जळत नाही. मग दाब, टायमिंग, थंडी, ही मिस्त्रीची कामे. धूर नसेल तर आधी बंद करायचा नॉब ओढलेलाच राहिला आहे का ते बघा. हसू नका, हे माझ्याकडूनही झाले आहे. मग टाकीचा कॉक, मग फिल्टर. लाइनने एअर धरली असेल तर फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू सैल करून हातपंप मारा, बुडबुडे संपून अखंड डिझेल येईपर्यंत. मग पंपावरचा, आणि शेवटी नोजलच्या नळ्यांचे नट. त्या नळ्यांच्या तोंडाशी हात कधी धरू नये. त्या दाबाचे डिझेल कातडीत घुसते.

आता जे सांगतो ते सर्वांत महत्त्वाचे. चावीने चालू होत नाही म्हणून खाली उभे राहून सेल्फच्या दोन टोकांवर पेचकस टेकवायचा, म्हणजे 'डायरेक्ट' करायचा, ही सवय आपल्या गावोगाव आहे. असे करणारा माणूस मागच्या मोठ्या चाकाच्या पुढ्यात उभा असतो. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल तर इंजिन पेट घेताच चाक त्याच्या अंगावर जाते. सुरक्षा स्विच असला तरी पेचकसाने तो निकामी झालेला असतो. ट्रॅक्टर फक्त सीटवर बसून चालू करायचा. तसा होत नसेल तर त्या दिवशी तो चालू करायचा नाही, मग वाफसा गेला तरी चालेल.

जुना ट्रॅक्टर अडला की विक्रेता दारात येतो आणि सांगतो, आता हे धूड सरकार भंगारातच काढणार आहे. दहा वर्षांनी ट्रॅक्टर मोडीत घालावा लागणार ही आवई जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या वाहतूक खात्यानेच खोटी ठरवली. शेतीच्या ट्रॅक्टरची नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. तेव्हा दोनशे रुपयांच्या दोषासाठी सातबारावर बोजा चढवण्याआधी आपण काय बदलतो आहोत ते पाहावे. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले आणि त्यांच्या डिझेल पंपाच्या जागी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली. धूर कमी झाला, ते चांगलेच. पण दोष वाचायला कंपनीचे यंत्र लागते. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये कायदा करून दुरुस्तीची माहिती आणि अवजारे शेतकऱ्याला देणे कंपन्यांवर बंधनकारक केले. आपल्या केंद्र सरकारने २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली, तिच्या यादीत शेतीची अवजारे होती. माहितीपुस्तिका मराठीत आणि दोष वाचायचे यंत्र गावच्या मिस्त्रीला परवडणाऱ्या भावात मिळावे, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. सबसिडी नको, माहिती द्या.

येत्या जिल्हा बैठकीत ठराव मांडण्याआधी अर्धा तास आवारात एक जुना ट्रॅक्टर उभा असेल. त्यात दोन दोष मुद्दाम करून ठेवलेले असतील. मायबहिणींनीही पुढे यावे, घरी एकटी असताना ट्रॅक्टर अडला तर मिस्त्रीला फोनवर काय सांगायचे ते तरी कळेल. येताना आपापले पाने आणा. गेल्या वेळी उसने दिलेले दोन परत आलेले नाहीत.