कोयता कधी खाली ठेवायचा?

दिवाळी सरली की कळंब, वाशी, भूम, परंडा भागातून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे एक कोयता म्हणतात आणि मुकादमाची उचल त्या कोयत्यावर मिळते. राज्य सरकारी कर्मचारी ५८व्या वर्षी निवृत्त होतो. ते वय ६० करावं की नाही, यावर वर्षानुवर्षं चर्चा चालते. फडातल्या माणसाचं निवृत्तीचं वय मात्र कोणीच ठरवलेलं नाही. ते त्याची कंबर ठरवते, नाहीतर अंगावरची उचल.

उचल हंगामात फिटली नाही, तर पुढच्या वर्षी जाणं आलंच. पहाटेच्या थंडीत फड गाठायचा, वाकून ऊस बुडख्याशी तोडायचा, मोळ्या बांधायच्या. रात्री-अपरात्री गाडी आली की त्याच मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून वर चढायचं. साठीतल्या बाईने हे का करावं? गावी राहिली तरी टोळीबरोबर गेलेल्या लेकाची पोरं तिलाच सांभाळायची असतात. तिथंही सुट्टी नाही.

श्रावणबाळ योजनेचे दरमहा १,५०० रुपये ६५ वर्षांनंतर मिळतात. शरीर त्याआधीच थकतं. मधली वर्षं काढायची कशावर? गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार महामंडळ आहे, ओळखपत्रंही दिली जातात. त्या ओळखपत्राला निवृत्तिवेतन जोडा आणि ऊसतोड कामगारांसाठी वयाची अट ५५ वर आणा, अशी आमची मागणी आहे. कारखान्यांकडून महामंडळासाठी गाळपाच्या टनामागे निधी घ्यायचं ठरलेलंच आहे. त्यातला ठरावीक हिस्सा याच कामासाठी बाजूला काढावा.