यादी नको, टेप काढा

बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. दुसऱ्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आणि तोवर सौ.ने संगणकावर चादर टाकून ठेवली होती. आता छान दिसते आहे, त्यामुळे भांडायचाही उत्साह आला आहे. भांडण परक्यांशी नाही. माझ्यासारखेच घरात प्लास्टिकचे रणगाडे जोडत बसणारे जे माझे सोबती आहेत, त्यांच्याशी आहे.

हे सगळे नवीन असलेल्या नातेवाइकांसाठी थोडक्यात सांगतो. निवृत्तीनंतर नातवाने अर्धवट टाकलेला एक डबा मी पूर्ण केला आणि तिथेच फसलो. डब्यात प्लास्टिकच्या चौकटी असतात, त्यांतून दीड-दोनशे बारीक भाग कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. तयार होते ती खऱ्या रणगाड्याच्या एक पस्तीसांश प्रतिकृती. (पस्तीसच का? तर 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या टामिया कंपनीने जर्मन पँथर रणगाड्याचे किट काढले, त्यात मोटार आणि बॅटऱ्या मावायला हव्या होत्या. त्या मावतील एवढा आकार केला, मग मोजून पाहिले तर तो पस्तीसांश भरला! आज जगभर जे प्रमाण वेदवाक्य म्हणून पाळतात त्याचा उगम असा बॅटरीत आहे.) "या वयात रणगाडे कसले?" असे धाकटी वहिनी विचारते. तिला उत्तर पुढे येईलच.

तर आम्ही पाच-सहा जण पुण्यात एकाच्या घरी दोन-तीन महिन्यांनी जमतो. चहा झाला की ठरलेला कार्यक्रम म्हणजे इच्छायादी. महायुद्धानंतरच्या कुठल्या रणगाड्याचे नवे किट यायला हवे, यावर जो तो बोलतो. एकाला भारतीय खुणा असलेला सेंच्युरियन हवा. एकाला आपल्याकडे 105 मिलिमीटरची तोफ बसवून घेतलेला टी-55 हवा. एकाला अर्जुन. आणि सगळ्यांना, अगदी एकमुखाने, विजयंता हवा. मग कंपन्यांना शिव्या. जपान्यांना आपली कदर नाही, चिन्यांना तर मुळीच नाही, वगैरे. नऊ वाजता सगळे घरी.

मीही या यादीत वर्षानुवर्षे हात वर केलेला माणूस आहे. तक्रार निराधार आहे असे मी म्हणत नाही. विजयंता म्हणजे ब्रिटनच्या विकर्स कंपनीच्या आराखड्यावरून मद्रासजवळ आवडीच्या कारखान्यात बांधलेला आपला रणगाडा. आवडीतला पहिला 1965 साली बाहेर पडला, पुढे दोन हजारांच्या वर बांधले गेले आणि सैन्याच्या दोन पिढ्या त्यावर शिकल्या. जर्मनीचा टायगर सुमारे साडेतेराशेच बनला, पण त्याचे डबे मोजायला बसलो तर माझी पेन्शन संपेल. त्याहून गंमत म्हणजे जर्मनांनी नुसताच कागदावर रेखाटलेला, कधीही न बांधलेला 'राटे' नावाचा अजस्र रणगाडा. त्याचेही किट टाकोम कंपनीने काढले! लहान प्रमाणात, 1/144 मध्ये, पण काढले. जो जन्मालाच आला नाही त्याची प्रतिकृती मिळते. विजयंताचा प्लास्टिकचा डबा मात्र मला आजवर एकाही दुकानात किंवा कुठल्या मोठ्या कंपनीच्या यादीत दिसलेला नाही.

ही तक्रार माझ्यासाठी नुसती हौस राहिली नाही ती आमच्या दाजींमुळे. दाजी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. सातारा जिल्ह्यातले, चिलखती दलात चौदा वर्षे विजयंताचे चालक. 1986-87 च्या ब्रासटॅक्स सरावात राजस्थानच्या वाळूत होते. माझे टेबल पाहून ते एकदा सहज म्हणाले, "मास्तर, आमचा टँक करा की एखादा." विजयंता मिळेना म्हणून मी जरा चलाखी केली. सेंच्युरियन घेतला, तोही ब्रिटिश, तोही आपल्या सैन्यातला, त्यालाही पुढे तीच 105 ची तोफ बसली. तीन महिने खपून रंगवला, हिरवा, वर खरी वाटेल अशी धूळ. दाजींच्या एकाहत्तराव्या वाढदिवसाला नेऊन दिला.

त्यांनी तो हातात घेतला, उलटा केला, खालून पाहिला, पुन्हा सुलटा केला.

"लई झ्याक झालाय. पण मास्तर, ह्यो आमचा न्हवं."

"जवळपास तोच की हो," मी म्हणालो.

"न्हाई. ह्याची चाकं दोन-दोनच्या जोडीत हायती. आमची सहाच्या सहा सुटी. बुरूज ह्याचा ओतीव, आमचा पत्रे जोडून केल्याला. आन् ह्याचं इंजिन पेट्रोलचं. आमच्या इंजिनानं लई रडवलं आमाला, पर आवाज वळकायचा."

चाळीस वर्षे मुलांचे पेपर तपासले, पण इतके अचूक लाल पेन माझ्यावर कधी चालले नव्हते. (इंजिनाचेही खरे. विजयंतातले लेलँड एल-60 म्हणजे सहा सिलिंडर आणि एकमेकांसमोर धावणारे बारा दट्टे. ब्रिटिशांच्या चीफ्टनमध्येही तेच होते आणि तिथेही त्याने पुष्कळांना रडवले.) सेंच्युरियन आता त्यांच्या टीव्हीशेजारी आहे. पाहुण्यांना ते सांगतात, "मास्तरांनी केलाय." "माझा टँक" म्हणत नाहीत.

त्या दिवसापासून मला आमच्या इच्छायादीचा वीट आला आहे.

का ते सांगतो. सोबत्यांनो, टायगरची किट इतकी का निघतात? लोकप्रियता आहे, मान्य. पण 1943 मध्ये ट्युनिशियात ब्रिटिशांनी पकडलेला टायगर 131 इंग्लंडमध्ये बोव्हिंग्टनच्या संग्रहालयात चालत्या स्थितीत ठेवला आहे. हौशी माणसांनी त्याचा बोल्ट न् बोल्ट टिपला, आराखडे काढले, पुस्तके छापली. किट काढणाऱ्याचे अर्धे काम तिथेच झालेले असते. पोलादी साचा कोरणे हा महाप्रचंड खर्चाचा मामला. एक चाक चुकले तर जगभरचे दाजी नाके मुरडणार, म्हणून मापे हाती आल्याखेरीज कंपनी साच्याला हात लावत नाही. टामियाने पोर्शे गाडीचे किट करायचे म्हणून खरी पोर्शे 911 विकत घेऊन ती खोलून पाहिली होती! युक्रेनमध्ये कीव्हच्या मिनिआर्टने टी-54 आणि टी-55 आतल्या इंजिनासकट बारकाईने काढले, कारण ते रणगाडे त्यांच्या अंगणातलेच. फ्रेंच एएमएक्स-13, जो आपण 1962 मध्ये विमानाने चुशूलला चढवला होता, त्याची चांगली किट यायला कितीतरी वर्षे लागली. पण आली, टामियाचेही आले आणि टाकोमचेही. नशिबाने नव्हे. कुणीतरी मोजले म्हणून.

आणि विजयंता कुणाच्या अंगणातला? आपल्या! अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, 1994 पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे, पुण्याहून सकाळी निघालो तर संध्याकाळी परत. त्याच गावी चिलखती दलाच्या केंद्रात अरुण खेत्रपाल यांचा 'फामागुस्ता' जपून ठेवला आहे. 16 डिसेंबर 1971 ला बसंतरच्या लढाईत ज्या सेंच्युरियनमध्ये त्यांना वीरमरण आले, तोच. पूना हॉर्सचा. रेजिमेंटच्या नावातच आपले गाव आहे हो! आपण तिथे जातो आणि काय करतो? नातवाला रणगाड्यापुढे उभे करून फोटो काढतो, पाटी अर्धी वाचतो आणि जेवायला कुठे थांबायचे ते ठरवतो. आमच्या गटातल्या सहापैकी पाच जण संग्रहालयात जाऊन आलेत. एकाच्याही वहीत एका चाकाचा व्यास नाही. माझ्याही नव्हता.

वर आपण घेतो काय? मागतो विजयंता आणि विकत घेतो टायगर. आमच्यातल्या एका गृहस्थांनी गेल्या दिवाळीत टायगरचा तिसरा डबा आणला, कारण "यात आतले भागही आहेत". कंपनीचा माणूस आपली भाषणे ऐकत नाही, तो विक्री पाहतो, आणि मी त्याच्या जागी असतो तर मीही टायगरच काढला असता. माझ्या स्वतःच्या कपाटात न उघडलेले अकरा डबे आहेत. (हे सौ. वाचणार आहे. असो.) अकरा डबे पडून असताना बाराव्यासाठी गळा काढायचा आणि त्याला मागणी म्हणायचे, हा कुठला न्याय?

"सैन्याच्या वस्तू मोजायला कोण देणार?" हे उत्तर मला लगेच मिळते. अहो, विजयंता केव्हाच सेवेतून गेला. गावोगावच्या चौकांत आणि छावण्यांच्या फाटकांशी तो उघड्यावर उभा आहे, त्यावर कबुतरे बसतात. संग्रहालयात लेखी अर्ज करा, काय मोजायचे ते स्पष्ट लिहा. नकार आला तर मग तक्रार करू. अर्जच न करता नकाराची तक्रार करणारे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिलेत.

आणि घाई करायला हवी. चौकातल्या या रणगाड्यांवर दर वर्षी रंगाचा नवा थर चढतो. दिवे चोरीला जातात, झाकणे वेल्ड होतात, गंजलेला पत्रा काढून दुसराच ठोकतात. आणखी पंधरा वर्षांनी मोजायला गेलो तर आपण रंगाची जाडी मोजत असू. कुठला पत्रा मूळचा आणि कुठला नगरपालिकेचा हे सांगू शकणारे दाजींसारखे लोक सत्तरीत आहेत.

आता वहिनीला उत्तर. युद्धाचे कौतुक म्हणून मी हे करत नाही. 1984 च्या जूनमध्ये अमृतसरला सुवर्णमंदिराच्या आवारात गेलेले रणगाडेही विजयंताच होते. दाजी तेव्हा दुसरीकडे होते, तरी त्या विषयावर ते बोलत नाहीत आणि मी विचारत नाही. इतिहास शिकवताना मी पाने फाडली नाहीत, आता का फाडू? वस्तू होती तशी, मापात, टेबलावर असली की निदान खोटे बोलता येत नाही. दाजींपुढे माझे चालले नाही, ते पाहिलेच तुम्ही.

तर गेल्या महिन्यात मी आणि दाजी आमच्या तालुक्याच्या गावी गेलो. शिंप्याची टेप, ओळंबा, खडू, शंभरपानी वही. चौकातल्या हवालदाराने हटकले, पण दाजींनी स्वतःचे जुने ओळखपत्र दाखवल्यावर त्यानेच टेपचे दुसरे टोक धरले. पुस्तकात विजयंताची रुंदी साधारण 3.17 मीटर. आमची भरली 3.14, कारण टेप मध्ये झोळ खात होती की कडेचा पत्रा कुणी ठोकून आत वळवला होता, यावर दाजींचे आणि माझे एकमत झाले नाही. पुन्हा मोजले, 3.16. पस्तिसाने भागले की नऊ सेंटिमीटर. वरचे तीन छोटे रूळ, ज्यांवरून साखळी परत फिरते, त्यांतले दोन शाबूत सापडले. चालकाचे झाकण वेल्ड केलेले होते. दाजी त्यावर तळहात ठेवून थोडा वेळ उभे राहिले आणि मग म्हणाले, "लिवा मास्तर, हिथं कडी होती, ती ऱ्हायली न्हाई."

वहीची तेवीस पाने भरली आहेत. नातू ती संगणकावर चढवतो आहे. पुरी झाली की टामिया, टाकोम आणि मिनिआर्ट तिघांनाही पाठवणार. गटातल्या मंडळींना सांगून ठेवले आहे की पुढची बैठक अहिल्यानगरला, टायगरचा तिसरा डबा घेणाऱ्यांनी गाडी काढायची, आणि अर्जाचा मसुदा माझ्याकडे तयार आहे.

एक अडचण राहिली आहे. आमच्या चौकातल्या रणगाड्याची पाठ बागेच्या भिंतीला टेकलेली आहे आणि खालची चाके चौथऱ्याच्या सिमेंटात चार बोटे रुतलेली आहेत, त्यामुळे मागचा पत्रा आणि चाकाचा पूर्ण व्यास मिळत नाही. वाचकांपैकी ज्यांच्या गावात विजयंता मोकळा उभा असेल, त्यांनी एवढी दोन मापे घेऊन खाली लिहावीत. टेप कापडी नको, पोलादी घ्या.